मालसरची वाट

विद्येसाठीं नदीतीर गांठण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. निवृत्तिनाथांची कथा मराठी घरांत लहान मुलांनाहि ठाऊक असते. त्र्यंबकेश्वरीं, जेथें गोदावरी ब्रह्मगिरीवरून खालीं उतरते, तेथें प्रदक्षिणेच्या वेळीं निवृत्ति आईबापांपासून चुकले, एका गुहेंत शिरले आणि त्या गुहेंत त्यांना गहिनीनाथ भेटले, असें परंपरा सांगते. त्या भेटींत जो योगमार्ग त्यांच्या हातीं आला तो नाथपंथाचा गुप्त ठेवा होता. गुरूनें शिष्याच्या कानीं सांगावा आणि शिष्यानें उराशीं जपावा, अशा प्रकारचा. पण कथा तेथें संपत नाहीं. निवृत्तिनाथांचा हा ठेवा ज्ञानदेवांकडे आला, आणि शके १२१२ मध्यें प्रवरेच्या कांठीं, नेवाशास, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत तोच मराठी भाषेंत सर्वांसमोर उघडा करून मांडला गेला. एका नदीच्या उगमापाशीं जें गुप्तपणें मिळालें, तें दुसऱ्या नदीच्या कांठीं मोकळ्या हातानें वांटलें गेलें.

योगविद्येच्या इतिहासाकडे पाहतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तीर्थक्षेत्रीं जाऊन योग शिकणारे लोक पुष्कळ झाले. परंतु तेथून परत येऊन ती विद्या गृहस्थाच्या दारापर्यंत आणणारे थोडे. अशा थोड्यांपैकीं दोघे तरुण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत मुंबई इलाख्यांतून निघाले आणि एकाच गुरूच्या पायाशीं जाऊन बसले. त्या गुरूचें स्थान नर्मदातीरावरील मालसर हें होतें. योग शिकण्यासाठीं नदीकांठच्या क्षेत्रीं जावयाचें म्हटलें कीं आज हृषीकेशाचें नांव ओठावर येतें. मालसरचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. तरी मुंबईपुण्याकडच्या घरांतून सकाळच्या प्रहरीं जीं आसनें घातलीं जातात, त्यांपैकीं पुष्कळांची वाट मालसरवरून आलेली आहे.

नर्मदा अमरकंटकाहून निघते आणि सुमारें १३०० किलोमीटर वाहून खंबायतच्या आखातास मिळते. गंगेंत स्नान करावें लागतें, पण नर्मदेचें नुसतें दर्शनहि पुरे होतें, अशी भाविकांची श्रद्धा आहे. सबंध नदीला पायीं प्रदक्षिणा घालण्याचें व्रतहि विशेषेंकरून नर्मदेच्याच संबंधांत रूढ आहे. या परिक्रमेमुळें तिच्या दोन्ही तीरांवर अन्नछत्रें, धर्मशाळा, मठ व कुटी यांची एक मालिकाच तयार झाली. गुजराथेंत उतरल्यावर गरुडेश्वर, चांदोद आणि मग मालसर अशीं स्थानें लागतात.

मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हता. बडोद्यास गायकवाडांचें राज्य होतें आणि त्या राज्यांत मराठी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या नांदत होतीं. सावंतवाडीजवळच्या माणगांवचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबे स्वामी, यांनीं १९१४ सालीं गरुडेश्वर येथेंच देह ठेवला. अरविंद घोष बडोद्यास असतांना चांदोदजवळच्या गंगनाथाच्या मठांत गेले होते. पुढें १९०८ च्या आरंभीं बडोद्यांतच विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याजवळ बसून त्यांनीं मन निःशब्द करण्याचा मार्ग शिकून घेतला. योगाची आवड आणि स्वदेशाची तळमळ या दोन गोष्टी त्या काळच्या बडोद्यांत एकाच हवेंत वावरत होत्या, हें पुढील हकीकत समजण्यास आवश्यक आहे.

मालसर हें नर्मदेच्या उत्तर तीरावरील शिनोर भागांतील एक गांव. तेथें परमहंस माधवदासजी यांचा आश्रम होता. माधवदासजी मूळचे बंगालचे, संप्रदायानें वैष्णव. अनेक वर्षें पायीं भ्रमण करून, ठिकठिकाणच्या योग्यांपासून जें मिळालें तें पदरीं बांधून, वृद्धापकाळीं ते नर्मदातीरीं स्थिर झाले. शिष्यांच्या समजुतीप्रमाणें त्यांचा जन्म १७९८ चा. म्हणजे १९२१ सालीं त्यांनीं देह ठेवला तेव्हां त्यांचें वय १२३ वर्षांचें भरतें. चांगदेव चौदाशें वर्षें जगले असें सांगणाऱ्या आपल्या देशांत हा आकडा कोणास जड वाटूं नये. परंतु माधवदासजींचें महत्त्व त्यांच्या वयांत नाहीं. इंग्रजी शाळा-कॉलेजांत शिकलेल्या, शंका विचारणाऱ्या तरुणांना त्यांनीं जवळ केलें. आणि आसन, प्राणायाम व शुद्धिक्रिया यांचा उपयोग रोग्याचें दुःख हलकें करण्याकडेहि होऊं दिला, यांत तें आहे.

मालसरला गेलेल्या दोघांपैकीं पहिले मणिभाई हरिभाई देसाई. त्यांचा जन्म १८९७ मध्यें दक्षिण गुजराथेंत झाला. शरीर कमावण्याचा त्यांना लहानपणापासून नाद होता. पुढें ते मुंबईस सेंट झेवियर कॉलेजांत दाखल झाले. पण घर सोडून शहरांत आलेल्या या तरुणाचें मन तेथें रमेना. १९१६ सालीं माधवदासजी मुंबईस माधवबागेंत उतरले असतां एका सोबत्याच्या आग्रहावरून मणिभाई त्यांच्या दर्शनास गेले. साधूंविषयीं त्यांच्या मनांत विशेष आदर होता असें नव्हे. परंतु त्या एका भेटीनें त्यांचा ओढा बदलला. कॉलेज सुटलें आणि मालसर जवळ झालें.

मालसरच्या आश्रमांत ते केवळ डोळे मिटून बसले नाहींत. आश्रमांत येणाऱ्या रोग्यांची शुश्रूषा त्यांच्याकडे होती, आणि कोणत्या रोग्यास कोणती क्रिया द्यावी हें त्यांना गुरूच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. या शिष्यानें आपल्या मागें आश्रमाचा भार वाहावा असें गुरूंच्या मनांत होतें, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें जातें. शिष्यानें मात्र वेगळा मार्ग पत्करला. भगवी वस्त्रें न घेतां तो मुंबईकडे परतला, आणि योगेंद्र या नांवानें पुढें ओळखला जाऊं लागला.

येथें मुंबईच्या उत्तरेकडील किनाऱ्याचें चित्र डोळ्यांसमोर आणावें. वसईच्या खाडीच्या तोंडाशीं, वसईच्या किल्ल्यासमोरच्या अंगास, धारावी बेटाच्या टोकावर चौक नांवाचें गांव आहे. १७३९ च्या मोहिमेंत वसई पडण्यापूर्वीं मराठ्यांनीं याच बाजूचा धारावीचा किल्ला घेतला होता. चौकाहून दक्षिणेस निघालें कीं उत्तन, गोराई, मनोरी, मढ अशीं कोळ्यांचीं व ख्रिस्ती वस्तीचीं गांवें ओळीनें लागतात, आणि मढची खाडी ओलांडली कीं वेसावें येतें. वाळूवर ओढलेल्या होड्या, काठ्यांवर सुकत घातलेले बोंबील, ताडामाडांचीं बनें, असा हा सारा किनारा. येथें ना नर्मदेचा घाट, ना परिक्रमावासी. योगाला येथें आसरा मिळेल असें त्या काळीं कोणी म्हटलें असतें तर लोक हंसले असते.

पण आसरा मिळाला तो येथेंच. दादाभाई नवरोजी उत्तरायुष्यांत वेसाव्यास राहत असत. त्यांचे जांवई होमी दादिना यांच्या समुद्रकांठच्या घरांत २५ डिसेंबर १९१८ रोजीं योगेंद्रांनीं आपली योगसंस्था सुरू केली. त्याच वर्षीं, पावसाळ्याच्या अखेरीस, इन्फ्ल्यूएंझाच्या साथीनें मुंबईंत हजारों माणसें दगावलीं होतीं. वैद्य-डॉक्टरांनीं हात टेकलेले शहर आरोग्याचा कोणताहि नवा मार्ग आशेनें पाहत होतें. अशा वेळीं एक एकवीस वर्षांचा गुजराथी तरुण, एका पारशी गृहस्थाच्या घरीं, कोळ्यांच्या गांवांत, एका बंगाली साधूची विद्या नोकरी-धंदा करणाऱ्या माणसांस शिकवूं लागला. मोक्षासाठीं घर सोडण्याची अट त्यानें घातली नाहीं. घरांत राहून काय करतां येईल तें सांगितलें. ही संस्था पुढें सांताक्रूझला स्थिर झाली आणि २०१८ मध्यें तिला शंभर वर्षें पूर्ण झालीं. दरम्यान १९१९ पासून १९२४ पर्यंत योगेंद्रांनीं अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळहि हेंच कार्य केलें होतें.

मालसरला गेलेले दुसरे तरुण मराठी होते. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं बडोदें राज्यांतील डभोई येथें झाला. डभोई हें चांदोदच्या वाटेवरील जुनें तटबंदीचें शहर. येथूनच १८६२ सालीं मियांगांवपर्यंत गायकवाडांनीं अरुंद रुळांची आगगाडी सुरू केली, आणि आरंभीं ती बैलांकडून ओढविली जात असे. गुण्यांचे वडील शिक्षक. घरची परिस्थिति बेताची. संस्कृताच्या जोरावर मॅट्रिकला मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळवून जगन्नाथराव बडोदें कॉलेजांत गेले. १९०७ ते १९१० या काळांत त्यांनीं जुम्मादादा व्यायाममंदिरांत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखालीं व्यायामाचें शिक्षण घेतलें. पुढें १९१६ पासून खानदेशांत अंमळनेर येथें ते अध्यापन करूं लागले. टिळकांच्या राजकारणाची त्यांच्यावर छाप होती. दुबळ्या शरीराच्या व भित्र्या मनाच्या पिढीकडून स्वराज्य कसें मिळणार, हा त्या काळच्या अनेक शिक्षकांप्रमाणें त्यांचाहि प्रश्न होता.

या प्रश्नाचें उत्तर शोधीत ते १९१९ सालीं मालसरला पोंचले. त्या वेळीं त्यांचें वय पस्तिशीच्या पुढें होतें. योगेंद्र गेले ते विशीच्या आंतील व्याकुळ विद्यार्थी म्हणून. गुणे गेले ते संस्कृत जाणणारे, मुलांना शिकविलेले, तालमींत घाम गाळलेले गृहस्थ म्हणून. माधवदासजींजवळ जें त्यांनीं पाहिलें व स्वतः करून अनुभविलें, त्यानें त्यांची खात्री पटली. पण त्यांच्यांतील शिक्षकाचें समाधान झालें नाहीं. ज्याला अनुभव आला त्याची खात्री पटली एवढ्यानें दुसऱ्याला काय शिकवावें? अमुक क्रियेनें अमुक होतें असें ग्रंथ सांगतो आणि गुरु सांगतो. परंतु शरीरांत खरोखर काय घडतें? हा प्रश्न विचारणें म्हणजे गुरूविषयीं अश्रद्धा नव्हे, असें ज्या शिष्यास वाटलें आणि ज्या गुरूनें तो विचारूं दिला, त्या दोघांचाहि या विद्येवर उपकार आहे.

१९२० च्या सुमारास गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, यांनीं बडोद्याच्या रुग्णालयांत क्ष-किरणांच्या साहाय्यानें प्रयोग आरंभिले. विषय होते उड्डियान आणि नौलि. श्वास पूर्ण सोडून पोट आंत व वर ओढून घेणें हें उड्डियान. तशा स्थितींत पोटावरील मधले उभे स्नायु वेगळे काढून ते फिरविणें ही नौलि. या नौलीच्या बळावर योगी बस्ति नांवाची क्रिया करीत असत, म्हणजे पाण्यांत बसून तें पाणी मोठ्या आंतड्यांत ओढून घेत असत. पंप नाहीं, पिचकारी नाहीं. मग पाणी वर चढतें कसें? अपानवायूच्या सामर्थ्यानें, हें परंपरेचें उत्तर. कुवलयानंदांनीं दाबमापक यंत्र लावून पाहिलें तों नौलीच्या वेळीं आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षां कमी होतो असें आढळलें. अर्थात् बाहेरचा दाबच पाणी आंत ढकलतो. क्रिया खरी ठरली, तिचें जुनें स्पष्टीकरण मात्र बदललें. कुवलयानंदांनीं या अंतर्गत निर्वातास आपल्या गुरूचें, माधवदासांचें, नांव दिलें. गुरूचें नांव मठाला, घाटाला किंवा मंदिराला दिल्याचीं उदाहरणें आपल्याकडे हजारों सांपडतील. शरीरशास्त्रांतील एका निरीक्षणास दिल्याचें उदाहरण विरळाच.

माधवदासजी १९२१ मध्यें गेले. १९२४ सालीं कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि त्याच वर्षीं हे प्रयोग जगापुढें मांडण्यासाठीं 'योगमीमांसा' हें त्रैमासिक काढलें. त्याचा अर्धा भाग शास्त्रज्ञासाठीं व अर्धा सामान्य गृहस्थासाठीं असावा, असा त्याचा एकंदर रोख होता. या संशोधनाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दीर्घ श्वास घेतला कीं रक्तांत प्राणवायु पुष्कळ शिरतो आणि प्राणायामाचें सारें फळ त्यांतच आहे, असा समज त्या काळीं सुशिक्षितांत पसरला होता, आणि तो अजूनहि गेलेला नाहीं. कुवलयानंदांनीं तो मान्य केला नाहीं. प्राणायामाचें मोल प्राणवायूच्या मापांत नसून मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांत आहे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. म्हणजे योगाची बाजू घेऊनहि योगाच्या नांवावर खपणारी सोयीची समजूत त्यांनीं बाजूस सारली. प्रचारक आणि अभ्यासक यांतील भेद तो हाच.

लोणावळ्यास नदीचें तीर्थ नाहीं. तरी वाट आतां तिकडे वळली. १९२७ सालीं गांधीजींची प्रकृति बिघडली असतां त्यांनीं आसनांविषयीं कुवलयानंदांशीं पत्रव्यवहार केला. येल विद्यापीठांत मानसशास्त्र शिकलेले केरळचे कोवूर बेहनन लोणावळ्यास राहून अभ्यास करून गेले आणि १९३७ सालीं त्यांनीं योगाची शास्त्रीय चिकित्सा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या योजनेंत कुवलयानंदांचा हात होता. त्यांनीं आखलेला यौगिक संघव्यायाम शाळांच्या पटांगणांवर आला. माणिकरावांच्या तालमींतील शिस्त आणि मालसरच्या कुटींतील आसनें यांचा तेथें संगम झाला. मुंबईंत चौपाटीजवळ १९३६ सालीं त्यांच्या संस्थेचें आरोग्यकेंद्र निघालें आणि कचेरींत जाणारा माणूसहि वाटेंत उतरून योग शिकूं लागला.

घरांतील स्त्रियांचा प्रश्न मात्र अद्याप उरला होता. आश्रमाचें दार त्यांना बहुधा बंदच असे. योगेंद्रांनीं १९२७ मध्यें विवाह केला. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनीं १९३४ सालीं स्त्रियांच्या यौगिक व्यायामावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. एका स्त्रीनें स्त्रियांसाठीं या विषयावर लिहिलेल्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. गुरूनें ज्याला मठाधिपति करावयाचें मनांत आणलें होतें, त्याच्या संसारांतून ही गोष्ट निघाली, हें लक्षांत घेतलें म्हणजे मालसरहून परत येण्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

असो. या परतीची किंमतहि द्यावी लागली, हें नाकबूल करून चालणार नाहीं. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांनीं ही विद्या गुप्त ठेवावी असें बजाविलें आहे, तें केवळ कृपणपणानें नव्हे. मालसरला गुरु एकेका शिष्यास पारखून, त्याचा आहार, निद्रा, स्वभाव पाहून क्रिया देत असे, आणि चुकल्यास थांबवीत असे. शंभर मुलांच्या रांगेला शिटीवर आसन घालावयास लावणाऱ्याला हें शक्य नाहीं. योगाचीं आठ अंगें. त्यांपैकीं यम-नियम हीं पहिलीं दोन पटांगणावर शिकवितां येत नाहींत आणि समाधि यंत्रानें मोजतां येत नाहीं. साहजिकच मधलीं आसन-प्राणायाम हीं दोन अंगें पुढें आलीं आणि बाकीचीं मागें पडलीं. योग हा व्यायामाचा एक प्रकार आहे असें आज पुष्कळांस वाटतें, त्याचें एक मूळ या परतीच्या वाटेवरच आहे.

परंतु दोघांनींहि हा धोका ओळखला नव्हता असें म्हणणें अन्यायाचें होईल. कुवलयानंदांनीं शाळेंतील संघव्यायाम आणि रोग्यावरील उपचार हे दोन भाग वेगळे ठेविले. उपचाराच्या ठिकाणीं रोग्यास तपासून, त्याच्या प्रकृतीस सोसेल तेंच देण्याची पद्धति घातली. योगेंद्रांनीं आचार-विचारांवांचून आसनांस पूर्ण योग मानलें नाहीं. १८ एप्रिल १९६६ रोजीं कुवलयानंद आणि १९८९ सालीं योगेंद्र निवर्तले, तोंपर्यंत दोघांचेंहि आयुष्य याच कार्यांत गेलें.

आज हृषीकेशची वाट फार वर्दळीची झाली आहे. स्वामी शिवानंदांनीं तेथें १९३६ सालीं दिव्य जीवन संघ स्थापिला. १९६८ सालीं बीटल्स हे इंग्रज गायक महर्षि महेश योगी यांच्या आश्रमांत येऊन राहिले आणि साऱ्या जगाला गंगेचा तो कांठ ठाऊक झाला. ११ डिसेंबर २०१४ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघानें २१ जून हा योगदिन ठरविला, आणि २०१५ पासून तो पाळला जातो. आतां दोनशें तासांचा अभ्यासक्रम पुरा करून, शिक्षकाचें प्रमाणपत्र घेऊन, महिन्याभरांत परतणारे विद्यार्थी गंगातीरीं देशोदेशींहून येतात. श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरचीं मुलेंहि तेथें जाऊन आलीं असतील. त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. शिकण्याची इच्छा कोणत्याहि काळीं चांगलीच.

मात्र मालसरच्या त्या दोघांची हकीकत त्यांनीं ऐकावी. त्यांनीं तेथून प्रमाणपत्र आणलें नाहीं. एकानें रोग्यांची सेवा शिकून आणली, दुसऱ्यानें एक शंका आणली आणि ती रुग्णालयांतील यंत्रापुढें ठेवली. वेसाव्याच्या वाळूवर आणि लोणावळ्याच्या माळावर जें उभें राहिलें तें त्या शिदोरीवर. नदीतीर गांठणें आतां सोपें झालें आहे. तेथें किती काळ बसावें, काय पारखून घ्यावें आणि घरीं परततांना काय आणावें, हा प्रश्न १९१६ आणि १९१९ सालीं त्या दोन तरुणांपुढें जसा होता, तसाच आजच्या विद्यार्थ्यापुढेंहि आहे.